कोणता राग घेऊ?

परवा रात्री अमेरिकेतून भाचीचा फोन आला. तिला पियानोमध्ये मास्टर्स करायचंय आणि प्रवेशपरीक्षेत काय वाजवायचं ते ठरत नाहीये. "मामा, बाखचं प्रील्यूड-फ्यूग ठरलं, बेथोव्हेनचा सोनाटाही ठरला. शोपँच्या एट्यूडवर अडलंय. ओपस २५ मधला सहावा घेऊ की पहिला?"

आता मी पडलो सेलूचा पेटीवाला! पियानोला आयुष्यात एक-दोनदाच हात लावलाय. तरी दोन्ही रचना यूट्यूबवर ऐकल्या. सहाव्यात उजव्या हाताला एकाच वेळी दोन-दोन स्वर भन्नाट वेगात वाजवायचे असतात, तिथे भलेभले अडखळतात म्हणे. पहिल्यात वर एक सूर शांतपणे गात राहतो आणि खाली पाणी हलावं तशी बोटं फिरतात.

"सहावा वाजवला तर परीक्षक चाटच पडतील," ती म्हणाली.

मला हसू आलं आणि थोडं टोचलंही. हेच वाक्य मी एकदा बोललो होतो, आमच्या गुरुजींसमोर.

तेव्हा विशारद नुकतंच झालं होतं आणि एम.ए.ला पेटी घेऊनच जायचं डोक्यात होतं. वडिलांची मोंढ्यात आडत. "पेटीवर घर चालतंय का?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. प्रवेश मिळाला तर जा, नाहीतर गादीवर बस, असा सरळ सौदा होता. वाजवायला मिळणार होती पंधरा मिनिटं, आणि राग आपल्या पसंतीचा.

मी दरबारी कानडा निवडला. भारदस्त राग, ऐकणारा गप्प झालाच पाहिजे!

गुरुजी म्हणाले, "अरे, यमन घे."

"यमन तर पोरं पहिल्या वर्षाला शिकतात, गुरुजी."

"म्हणूनच घे."

ऐकलं नाही.

पेटीची अडचण आपल्याला ठाऊक आहे. एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारावी लागते, मधली मींड निघत नाही. पट्टीचा सूरही कारखान्यात बसवलेला, तो थोडा उतरवावा म्हटलं तर सोय नाही. याच कारणांवरून १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. आता दरबारीचा जीव कशात? त्या अतिकोमल, डोलणाऱ्या गांधारात. म्हणजे पेटीला जे नेमकं येत नाही, तेच दाखवायला मी निघालो होतो!

सात-आठ मिनिटं झाली असतील. एका परीक्षकांनी हात वर करून थांबवलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "बाळ, गांधार कुठंय?"

मी कोमल गांधाराची पट्टी दाबून दाखवली. ते काही बोलले नाहीत.

यादीत नाव नव्हतं. ते वर्ष मोंढ्यात गेलं, कापसाच्या पट्ट्या लिहिण्यात. पहाटे दुकान उघडायच्या आधी दीड तास यमन, फक्त यमन. त्या वर्षी कळलं की पेटीला येतं तेही कमी नाही. सूर भात्यावर हवा तेवढा वेळ धरता येतो, हळूच फुलवता येतो, अलगद सोडता येतो. गोविंदराव टेंब्यांपासून आपल्या मराठवाड्यातल्या आप्पा जळगावकरांपर्यंत (१९२२-२००९) मोठ्या वादकांनी याच पेटीतून गाणं काढलं. त्यांची रेकॉर्डिंगं ऐकताना पेटीत काय नाही हे आठवतसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी यमन वाजवला. हात थरथरत होते, पण बोटांना रस्ता पाठ होता. मला कुणी थांबवलं नाही. प्रवेश यमनमुळे मिळाला की त्या वर्षभराच्या पहाटांमुळे, हे मला आजही सांगता येणार नाही.

असो. भाचीला एवढं रामायण सांगितलं नाही. गुरुजींचा एक प्रश्न तेवढा तिला विचारला, "तुला झोपेतून उठवून पियानोसमोर बसवलं, तर दोन्हींपैकी कोणतं वाजवशील?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "पहिला. पण मामा, तो तर सगळेच वाजवतात..."

मी म्हटलं, "यमनही सगळेच वाजवतात गं."

तिने अजून काय ठरवलं ते कळवलेलं नाही. सहावा घेतला तरी मी रागावणार नाही. मी तरी कुठे ऐकलं होतं?