परदेशातल्या ब्रिटिश फळीस

प्रिय ब्रिटिश फळी,



द हेगमधल्या आमच्या घराजवळच्या सुपरमार्केटात सोया सॉसच्या बाटल्या संपतात आणि मेक्सिकन टाको सुरू होतात, त्यांच्या मधल्या हातभर जागेत तू आहेस. शनिवारी सकाळी ट्रॉली घेऊन आत शिरले की भाजी, दूध, पाव सगळं मागे ठेवून मी आधी तुझ्याकडे येते. काय आलंय, काय संपलंय ते बघते आणि मग बाकीच्या यादीला लागते. इतकी वर्षं हे चाललंय, म्हणून म्हटलं, एकदा मनातलं लिहून टाकावं.

इंग्लंडात शेफील्डला मी नऊ वर्षं होते. तिथं तुझ्यावरची कुठलीच वस्तू ‘ब्रिटिश’ नव्हती. बीन्सचा डबा म्हणजे नुसता बीन्सचा डबा. रात्री उशिरा घरी आलं की मोहरी-हिंगाची फोडणी करायची, हिरवी मिरची टाकायची, त्यात तो डबा ओतायचा, वरून लिंबू पिळायचं आणि टोस्टबरोबर खायचं. तेव्हा मी शोधत फिरायचे ती भाजणी आणि गोडा मसाला. २०१९ च्या उन्हाळ्यात इथं आलो आणि सगळं उलटं झालं. द हेगमध्ये सुरिनामहून आलेल्या हिंदुस्तानी लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या दुकानांत कारली, भेंडी, डाळी, मसाले मिळाले आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या डाळ-भाताची सोय लागली. अडलं ते मार्माइटपाशी, टोस्टवर लावायच्या त्या काळ्या लेपापाशी.

लेकीचा जन्म शेफील्डचा. टोस्टवर लोणी आणि त्यावर सुरीच्या टोकानं ओढलेली मार्माइटची काळी रेघ, एवढं खाऊन ती शाळेत जायची. इथं शाळा नवी, भाषा नवी, पाव मऊ आणि गोडसर. सकाळची बशी तशीच परत यायची. तिसऱ्या आठवड्यात तू सापडलीस. पिवळ्या झाकणाची ती पोटुशी बरणी घरी आणली तर तिनं झाकण काढून आधी नुसता वास घेतला. दोन्ही हातांत बरणी धरून किती तरी वेळ घेत राहिली. मग म्हणाली, “आई, आपलं किचन.” त्या दिवसापासून ती पुन्हा नीट खायला लागली.

इथल्या मराठी मंडळातली एक मैत्रीण म्हणाली, “अगं, तू मराठी बाई, तुला कुठली त्या मार्माइटची आठवण?” तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज देते. ज्या गावात बाळंतपण झालं, जिथं शेजारणीनं तान्ह्या पोरीला सांभाळलं, ज्या चढावरून थंडीत बाबागाडी ढकलली, त्या गावाची आठवण यायला ते आपलं माहेर असावं लागत नाही. आणि मार्माइटचं म्हणशील, तर त्याचं आपल्याशी नातं आहे. ते कुणी फारसं सांगत नाही.

ही वस्तू १९०२ पासून बर्टन अपॉन ट्रेंटला बनू लागली. बिअरच्या भट्ट्यांत उरलेलं यीस्ट वाया जायचं, त्याचा हा अर्क. लुसी विल्स नावाची एक ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक जीवघेणा ॲनिमिया होत होता, त्याचा शोध घ्यायला. त्या बायका काय खातात, काय खात नाहीत, हे तिनं बारकाईनं पाहिलं. तसंच निकस अन्न उंदरांना आणि माकडांना देऊन प्रयोग केले. यीस्टचा अर्क दिल्यावर रक्त सुधारलं. स्वस्तात हाताशी असलेला अर्क म्हणजे हेच मार्माइट. मग ते त्या बायकांना दिलं आणि त्याही बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये तिचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. मार्माइटमधल्या ज्या घटकानं हे केलं, तो पुढं १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढता आला. त्याचं नाव फॉलिक ॲसिड.

माझी पणजी लालबागला राहायची आणि गिरणीत वाइंडिंग खात्यात काम करायची. तिची दोन बाळंतपणं त्याच वर्षांतली. तिला कुणी ती काळी चटणी चाटवली होती का, हे सांगणारं आता घरात कुणी उरलेलं नाही. पण शेफील्डच्या दवाखान्यात नर्सनं माझ्या हातावर फॉलिक ॲसिडच्या गोळ्या ठेवल्या, त्यामागं परळ-लालबागकडच्या बायकांचं रक्त तपासून मिळालेलं ज्ञान होतं. हे मला फार उशिरा, वाचता वाचता कळलं. तेव्हापासून तुझ्यावरची ती बरणी उचलताना मी जरा थांबते.

तुझ्यावरच्या इतर वस्तूंनीही असेच लांबलांबचे प्रवास केलेत. एचपी सॉसच्या बाटलीवर लंडनच्या पार्लमेंटचं चित्र आहे, पण २००७ मध्ये बर्मिंगहॅमचा कारखाना बंद झाला आणि तो सॉस याच देशात, एल्स्ट गावी बनायला लागला. आमच्या घरापासून गाडीनं दीड तासाच्या आत. आतमध्ये चिंच आणि खजूर, म्हणजे गोत्र आपल्या भेळेच्या चटणीचं. बीन्स शिजतात विगनला, पण तो दाणा पिकतो उत्तर अमेरिकेत. शेजारच्या खणात ‘भारतीय’ म्हणून मांडलेली पाठकांची मसाल्याची बाटली इंग्लंडहून येते. कोण कुठलं, हे पाटी बघून ठरत नाही, हे मला तुझ्यासमोर उभं राहून समजलं.

२०२१ चा जानेवारी मात्र विसरता येत नाही. ब्रिटन युरोपियन युनियनच्या बाजारातून बाहेर पडलं आणि १ तारखेपासून तिकडून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आली. इथून जवळच हूक व्हॅन हॉलंडचं बंदर आहे. तिथं ब्रिटिश ट्रकचालकांची हॅम सँडविचेस काढून घेतानाची दृश्यं डच टीव्हीवर दाखवली. दुकानदारांना तर असा माल आणायचा तर पशुवैद्याच्या सहीचे दाखले लागू लागले. त्या महिन्यात तू अर्धी रिकामी होतीस. किमतीच्या पट्ट्या लावलेल्या आणि वर नुसता पांढरा पत्रा. शेफील्डच्या शेजारणीला मला फोन करून सांगावं लागलं, पार्सलमध्ये चीज घालू नका. दर नाताळला न चुकता पाठवणारी ती बाई. फोनवर नुसती “ओ लव्ह” म्हणाली आणि गप्प झाली.

त्यानंतर तू हळूहळू भरलीस, पण एक गोष्ट मला खटकते. डिसेंबर आला की तुझ्यावर लाल टेलिफोन बूथच्या आकाराचे टॉफीचे डबे येतात, उंच टोपीवाल्या शिपायांची चित्रं असलेली बिस्किटं येतात. ती पर्यटकांनी घ्यावीत. तिथं राहिलेल्या माणसाला साध्या वस्तू हव्या असतात. कडक चहाची मोठी पिशवी. सेल्फ-रेझिंग मैदा. बर्ड्‌सची कस्टर्ड पावडर. अल्फ्रेड बर्ड नावाच्या बर्मिंगहॅमच्या औषधविक्यानं १८३७ मध्ये बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून ती मक्याच्या पिठापासून केली. बिनअंड्याची असल्यानं आपल्याकडच्या शाकाहारी घरांतही कस्टर्ड शिरलं, आणि लग्नाच्या पंगतीतलं फ्रूट सॅलड त्यावरच उभं राहिलं. या वस्तूंना दिखाऊपण नाही, म्हणून तुझ्यावरून आधी त्याच हलवल्या जातात. कृपा करून त्यांना जागा ठेव.

आणखी एक मागणं आहे. हेंडरसन्स रेलिश. नारिंगी लेबलची बारीक बाटली, शेफील्डमध्येच बनते, आणि शेफील्डकर ती प्रत्येक गोष्टीवर शिंपडतो. वूस्टरशर सॉसमध्ये मासळी असते, हिच्यात नसते. चिंच, लवंग, लसूण, तिखट. माझ्या सासूबाई तिकडे आल्या होत्या तेव्हा मार्माइटला काकवी समजून त्यांनी भाकरीला लावलं आणि नंतर पाण्याचे दोन पेले प्यायल्या. ही बाटली मात्र त्यांनी आमटीतसुद्धा घातली. गेल्या खेपेला आम्ही हलहून रात्रीच्या बोटीनं रॉटरडॅमला आलो, तेव्हा गाडीत टॉवेलांत गुंडाळलेल्या सहा बाटल्या होत्या. आता एक उरलीय, तीही निम्मी.

परवाच्या शनिवारी तुझ्यावर मार्माइटच्या दोनच बरण्या होत्या. माझ्याखेरीज इथं आणखी कुणीतरी ती नेतं. कधी मी यायच्या आधीच जागा रिकामी असते, म्हणून माहीत आहे. कोण आहे, कुठून आलंय, कधी दिसलं नाही. मी एक बरणी उचलली. लेकीनं दुसरी मागून ओढून पुढं आणली आणि लेबल समोर येईल अशी फिरवून ठेवली.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
शनिवारची गिऱ्हाईक