निनावी वाद्याची ओळख

स्मरणिकेसाठी लेख मागणारे पत्र आले, तेव्हा वसतिगृहातील दिवसांविषयी लिहावे असेच आम्हा दोघांना प्रथम वाटले. परंतु गेल्या वर्षी एका जुन्या वाद्याने शाळेची जी आठवण जागी केली, ती सांगणे अधिक उचित ठरेल.

आम्ही एकाच तुकडीचे विद्यार्थी. नोकरीनिमित्त सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो. तेथील जुन्या वस्तूंच्या बाजारात आम्हाला एक यूकुलेले दिसले. चार तारांचे, जेमतेम २१ इंच लांबीचे ते वाद्य धुळीने माखले होते आणि त्यावर कारागिराचे नाव कोठेही नव्हते. आम्ही ते ४० डॉलरांना घेतले. एखाद्या नामांकित कारागिराचे निघाले, तर विकून येणारी रक्कम शाळेच्या ग्रंथालयास द्यावी, असा आमचा मानस होता.

मग शोध सुरू झाला. यूकुलेले हवाई बेटांचे खरे, पण त्याचे पूर्वज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील. १८७९ च्या ऑगस्टमध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ हे जहाज उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन होनोलुलूस पोहोचले. त्यांत मॅन्युएल नुनीश, ऑगस्तो डियश आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे लाकूडकाम जाणणारे तिघे होते. मदेराच्या छोट्या वाद्याला त्यांनी हवाईच्या कोआ लाकडाचे अंग दिले. राजा कालाकौआ याने त्याला दरबारात मान दिला. पुढे १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या दालनातून हे सूर ऐकू आले आणि अवघ्या अमेरिकेस त्याचे वेड लागले. मागणी इतकी वाढली की मुख्य भूमीवरील कारखानेही यूकुलेले बनवू लागले. अनेक दुकानदार निनावी वाद्ये घाऊक घेऊन त्यांवर स्वतःच्या नावाचे कागद चिकटवीत.

एका वृद्ध वाद्यदुरुस्तकाने आम्हाला वाद्य पाहावयास शिकविले. दंतवैद्याचा छोटा आरसा आणि विजेरी घेऊन आम्ही त्याच्या पोटात डोकावलो. लाकूड कोआचे, म्हणजे आपल्या बाभळीच्या कुळातले. खुंट्या लाकडी, केवळ घर्षणाने घट्ट बसणाऱ्या. पडदे बारा, तेही वेगळी पट्टी न लावता थेट दांडीतच बसविलेले. या खुणा जुन्या हवाईयन घडणीकडे बोट दाखवीत होत्या. तरी लाकडावरून निवाडा करू नका, असे त्यांनी बजावले. कोआ मुख्य भूमीवरही पोहोचले होते. शिवाय एका कारागिराच्या हाताखाली शिकलेला दुसरा पुढे स्वतःचे दुकान थाटी, तेव्हा गुरूची घडणही त्याच्याबरोबर जाई. आतल्या पाठीवर मात्र एक फिकट चौकोन होता. तेथे कधीकाळी नावाचा कागद असावा. तो गळून पडला होता.

एका विक्रेत्याने तो चौकोन पाहिला आणि हसून म्हटले, की नामवंत कारागिराचा जुना कागद आपल्याजवळ आहे. तो नेमका तेथे बसेल आणि किंमत दहापट होईल. आमच्यापैकी एकाचे मन डळमळले. कोणाचे, ते येथे सांगत नाही. ग्रंथालयाची मोकळी कपाटे डोळ्यांपुढे होती, आणि ती पुस्तकांनी भरणे काही वाईट काम नव्हते.

त्या रात्री आम्हाला वसतिगृहातील पहिला दिवस आठवला. गावात आमचे आडनाव ऐकताच लोकांना आमची सारी ओळख पटल्यासारखी होई. पुढे काही विचारण्याची गरज त्यांना भासत नसे. येथे गुरुजींनी नोंदवही उघडून ठेवली आणि विचारले, “बाळ, तुला काय काय येते?” एकाने पाढे म्हटले, दुसऱ्याने बासरी वाजवून दाखविली. कोणी तरी आम्हाला नावापूर्वी पाहिले, ऐकले, तो आमच्या आयुष्यातील पहिला प्रसंग होता. त्याच शाळेच्या ग्रंथालयासाठी आम्ही एका वाद्यास खोटे नाव कसे चिकटविणार?

विक्रेत्यास आम्ही नकार कळविला. वाद्य विकलेही नाही. सुट्या झालेल्या सांध्यांना सरस लावून घेतला, नव्या तारा चढविल्या. ग्रंथालयासाठी आम्ही आमच्या वेतनातून जमेल तेवढी रक्कम पाठविली आहे. ती दहापट किमतीच्या जवळपासही जात नाही.

वाद्य मात्र यंदा शाळेच्या संगीतकक्षात येत आहे. सोबत एक कार्ड आहे: ‘यूकुलेले. कोआ लाकूड. बारा पडदे. घडण हवाईयन धाटणीची. कारागिराचे नाव अज्ञात. आवाज गोड.’ ते काचेच्या कपाटात ठेवू नये, मुलांच्या हाती द्यावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.