सेल्लाच्या चार खिंडी आणि एक चेन

विजेवर चालणाऱ्या माउंटन बाइकची मोटर बहुधा पॅडलांच्या धुऱ्यापाशी बसवलेली असते. ती मागचे चाक थेट फिरवत नाही. तिचा जोर आणि स्वाराच्या पायांचा जोर पुढच्या चकतीवर एकत्र येतात आणि तिथून एकाच चेनने मागे जातात. त्यामुळे चढ पायांना सोपा होतो, चेनला मात्र जड. हा हिशोब पाहायचा तर इटलीच्या उत्तरेतील डोलोमाइट पर्वतराजीत सेल्ला डोंगराला घातलेली प्रदक्षिणा फार सोयीची. रस्ता साधारण ५५ किलोमीटरचा, खिंडी चार, आणि एकूण चढ दीड हजार मीटरहून अधिक. भोवतालच्या खोऱ्यांत लादिन भाषा बोलली जाते, म्हणून पाट्यांवर एकाच गावाची दोन-तीन नावे दिसतात.

कोर्वारा गावातून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने निघाले की पहिली खिंड काम्पोलोंगो, १,८७५ मीटर. चढ जेमतेम तीनशे मीटरचा, वळणे सैल, आजूबाजूला गवताळ कुरणे. भाड्याच्या सायकली घेऊन निघालेले बहुतेक जण इथे मोटर सर्वांत जोरदार पातळीवर ठेवतात आणि मागे छोटे दातेचक्र लावून पाय सावकाश फिरवतात. वेग मिळतो, दमही लागत नाही, पण चेनचे हाल होतात.

सध्याच्या अनेक पर्वती मोटरी ८५ न्यूटन-मीटरपर्यंत पीळ देतात. पुढची चकती ३४ दात्यांची असेल तर तिची त्रिज्या सुमारे ६९ मिलिमीटर भरते. म्हणजे एकट्या मोटरचा चेनवरचा ताण बाराशे न्यूटनांच्या पुढे जातो. ७५ किलो वजनाचा स्वार १६५ मिलिमीटरच्या क्रँकवर उभा राहिला तर आणखी सतराशे-अठराशे न्यूटनांची भर पडते. दोन्ही मिळून तीन हजार न्यूटन, म्हणजे तीनशे किलोचे ओझे टांगल्यासारखे. मागे कोणता गिअर आहे यावर हा ताण थेट ठरत नाही. तो ठरतो पुढे दिलेल्या पिळावर. तेवढीच शक्ती हलक्या गिअरमध्ये, पाय भरभर फिरवून दिली की पीळ उतरतो आणि चेनचा ताणही. मिनिटाला ७० ते ९० फेरे ही मोटरलाही मानवणारी चाल आहे. काम्पोलोंगोवर आमच्या पुढे चाललेल्या टोळक्याच्या चेनींचा करकर आवाज दुरूनही ऐकू येत होता.

उतार संपतो तो अराब्बा गावात, आणि तिथूनच पोर्दोईचा चढ लागतो. नऊ किलोमीटर, सहाशेहून अधिक मीटर उंची, तेहतीस केसपिनी वळणे. प्रत्येक वळणाला क्रमांकाची पाटी. गिअर बदलायला शिकायचे असेल तर याहून चांगली जागा शोधायला नको. अशा वळणाची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा उभी असते. आतून जाणाऱ्याला ऐन वळणात गिअर जड वाटतो, बोट गिअर बदलण्याच्या खटक्यावर जाते, आणि नेमका तेव्हाच पायांचा व मोटरचा जोर शिगेला असतो.

चेन एका दातेचक्रावरून दुसऱ्यावर हवे तेव्हा जात नाही. दातेचक्राच्या पोटात ठरावीक ठिकाणी उतरत्या खाचा कोरलेल्या असतात. ती जागा फिरून वर आली की चेन तिथून चढते. ताण कमी असेल तर ती खाचेची वाट पाहते. ताण जास्त असेल तर दात्याच्या माथ्यावरून ओरबाडत जाते, कड्यांच्या पट्ट्या बाजूला पिळवटतात आणि एखादी पिन पट्टीतून निसटू लागते. चेन तुटते ती बहुतेक वेळा अशाच एखाद्या आधीच्या गिअरबदलामुळे. तुटण्याची जागा मात्र वेगळी असते, म्हणून दोष भलत्याच चढाला जातो.

रीत अशी: वळणाआधी दोन-तीन सायकलींच्या लांबीवर खटका दाबायचा, त्याच क्षणी अर्धा फेरा पाय केवळ फिरते ठेवायचे, जोर काढून घ्यायचा. साध्या सायकलीवर मुरलेल्या स्वाराला हे माहीत असते, पण मोटर त्याला एका जागी फसवते. पायांचा जोर गेल्यावरही ती क्षणभर ढकलत राहते, म्हणून जोर थोडा आधीच काढावा लागतो. बॉशसारख्या कंपन्यांच्या प्रणालींत गिअर बदलत असल्याचे ओळखून मोटर आपला पीळ घटवते. तिच्यावर पूर्ण विसंबू नये. एका दमात चार गिअर टाकणे तर टाळावेच. स्रॅम कंपनीने याच कारणासाठी विजेच्या सायकलींसाठी एका दाबाला एकच गिअर बदलणारा खटका काढला. पहिल्यांदा तो हातात आला की चीड येते. दहाव्या वळणापर्यंत पटतो.

पोर्दोईचा माथा २,२३९ मीटरवर. तिथे सायकलपटू फाउस्तो कोप्पीचे स्मारक आहे. जिरो द'इटालिया शर्यतीतील सर्वांत उंच ठिकाणाला १९६५ पासून त्याचे नाव दिले जाते. बरेच स्वार इथे कॉफी घेतात. तेवढ्यात चेन मोजून होते. कडीची लांबी नवी असताना १२.७ मिलिमीटर असते. पोलाद ताणले जात नाही. पिना आणि त्यांच्याभोवतालचा भाग घासला जातो आणि प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई येते. शंभर कड्यांत मिळून सुमारे साडेसहा मिलिमीटर वाढले की अर्धा टक्का झीज झाली, आणि अकरा-बारा गिअरच्या चेनीला तेवढ्यावर निरोप द्यावा. पुढे ढकलले तर वाढलेली चेन दात्यांवर वर सरकून बसते, दाते आकड्यासारखे वाकतात, मग त्यांवर नवी चेन टिकत नाही. जोर दिला की सटकते. चेन स्वस्त असते, मागच्या दातेचक्रांचा संच म्हणजे कॅसेट महाग.

पोर्दोईहून पुढचा उतार सेल्ला खिंडीच्या फाट्यापर्यंत. कानात्सेई गावापर्यंत उतरावे लागत नाही. इथे सगळ्यांत लहान, दहा दात्यांचे चक्र कामाला येते आणि सर्वांत आधी तेच झिजते. त्यावर चेनचा प्रत्येक सांधा ३६ अंशांत मोडतो, ५१ दात्यांच्या चक्रावर जेमतेम सात अंशांत. दातेही मोजके, त्यामुळे प्रत्येकाची पाळी सारखी येते. सपाटीवर मोटर चालू ठेवून याच चक्रावर तासन्‌तास रेटणे ही माझ्या मते चढापेक्षा वाईट सवय आहे.

फाट्यावर उजवीकडे वळताच चढ पुन्हा अंगावर येतो. दहा दात्यांच्या चक्रावर असताना तिथे थांबावे लागले तर पंचाईत होते, कारण पाय फिरल्याशिवाय गिअर बदलत नाही आणि जड गिअरमध्ये मोटरच्या धक्क्याने निघणे चेनला सोसत नाही. उपाय उतारावरच आहे. युरोपच्या नियमाप्रमाणे ताशी २५ किलोमीटरच्या पुढे मोटरची मदत बंद होते. मग चेनवर केवळ पाय उरतात, तेही हलके. वेग मोडायच्या आधीच्या त्या थोड्या अंतरात, एकेक करत, मोठ्या चक्रावर येऊन बसावे.

सेल्ला खिंड बावीसशे मीटरहून उंच. चढ आखूड पण तिखट. चौथी, गार्देना, २,१२१ मीटर, त्यामानाने सुखाची. तिच्या माथ्यावर उभ्या सायकली पाहताना बारा गिअरचा अट्टहास खटकतो. ज्या स्वाराला मोटरचा हात आहे त्याला गिअरमधले बारीक अंतर कशाला हवे? स्रॅमने २०१६ मध्ये केवळ आठ गिअरचा, जाड चेनीचा ईएक्स१ संच आणला होता. तो फार चालला नाही, पण विचार बरोबर होता. शिमानो कंपनीच्या लिंकग्लाइड संचात तोच परतला आहे: दाते जाड, गिअर कमी, वजन जास्त. कंपनी तिप्पट आयुष्याचा दावा करते. पिनियन कंपनीने मोटर आणि गिअरपेटी एकाच डब्यात घालून चेनऐवजी पट्टाही चालेल अशी सोय केली; तिथे झीज तेलात बुडालेल्या दात्यांवर जाते, किंमतही चढते.

कोर्वाराला परतल्यावर चेनवर पांढरी धूळ आणि तेल यांचा राखाडी लगदा साचलेला असतो. आधी तो कोरड्या फडक्याने पुसून काढावा. तेल प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एक थेंब, मग थोडा वेळ पाय उलटे फिरवून बाहेरचे तेल पुन्हा पुसावे; वर राहिलेले तेल उद्याची धूळ धरते. पाय उलटे फिरवताना चेन मधल्या चक्रावर असावी, सर्वांत मोठ्या चक्रावरून ती उतरण्याची शक्यता असते. जोरदार पाण्याचा फवारा सांध्यांवर मारू नये. आणि चेन बदलायची वेळ आली असेल तर बारा गिअरच्या चेनीची जोडकडी नवीच घ्यावी. अशा जोडकड्यांपैकी बऱ्याच एकदाच वापरण्यासाठी बनवलेल्या असतात.