देवगुराडियाच्या वाटेवर

श्रावणी सोमवारी देवगुराडियाला निघताना आजी पिशवीत दोन रुमाल टाकायची, एक तिच्या नाकाला, एक माझ्या. टेकडीवर महादेव आणि अलीकडे ट्रेंचिंग ग्राउंड, म्हणजे सगळ्या इंदूरचा कचऱ्याचा डोंगर. नेमावर रोडला लागलो की ताईची आणि माझी पैज सुरू व्हायची, श्वास रोखून कोण कुठल्या खांबापर्यंत जातं याची. उन्हाळ्यात त्या डोंगरातून धूर यायचा. "हा कोण पेटवतं?" असं मी बाबांना विचारायचो. आत हवा न लागता कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो, आणि एकदा आग लागली की तो तिला खाऊ घालत राहतो, हे इंजिनिअरिंगला गेल्यावर समजलं. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसेक पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे आम्ही नाक दाबून जात होतो, पण खरा त्रास तर वास नसलेल्या गोष्टीचा होता.

गेल्या श्रावणात बाबांना घेऊन पुन्हा गेलो. गाडीची काच खाली होती. जुना डोंगर नाहीच. जवळजवळ १३ लाख टन कचरा यंत्रांनी चाळून माती, प्लास्टिक, धातू वेगळे केले आणि सुमारे १०० एकर जमीन मोकळी झाली. दर्शन झाल्यावर सोसायटीतल्या मंडळींबरोबर शेजारचा बायो-सीएनजी प्लँट बघायला गेलो. १९ फेब्रुवारी २०२२ ला त्याचं उद्घाटन झालं. रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता आहे, आणि त्यातून १७ हजार किलोच्या आसपास गॅस निघतो.

गाड्या खोल बंकरमध्ये कचरा ओततात. वरून क्रेनचा पंजा येतो आणि भाजीची सालं, शिळे पोहे, कुणाच्या तरी लग्नातला पुलाव, सगळं एकदम उचलतो. नको ते बाहेर काढून उरलेल्याचा पातळ लगदा करतात. तो बंद टाक्यांत तीनेक आठवडे ढवळला जातो. सोप्या भाषेत सांगायचं तर हे म्हशीचं पोट आहे, फक्त काँक्रीटचं. वर जमलेला गॅस शुद्ध करून दाबानं भरतात, आणि खाली उरतं ते खत.

बाबा निवृत्त बँकवाले. त्यांचा पहिला प्रश्न, "पैसा कुणाचा?" उत्तर मजेशीर आहे. उभारणीचे सुमारे दीडशे कोटी खासगी कंपनीचे. जमीन आणि वेगळा केलेला कचरा महापालिकेचा. उलट कंपनीच पालिकेला वर्षाला अडीच कोटी देते, आणि निम्मा गॅस शहर बससाठी बाजारापेक्षा पाच रुपये कमी दरानं विकते.

"मग आपण दर महिन्याला कचऱ्याचे पैसे भरतो ते कशाला?"

त्या वेळी मला नीट सांगता आलं नाही. आता वाटतं, खरा सार्वजनिक पैसा प्लँटमध्ये नाहीच, तो त्याच्या आधी आहे: दारोदार फिरणाऱ्या, वेगवेगळ्या कप्प्यांच्या गाड्या, त्यांच्या मागे चालणारी माणसं, वर्षानुवर्षं रोज. ओला कचरा स्वच्छ मिळेल ही खात्री नसती, तर दीडशे कोटी कुणी लावले असते? आमच्या धंद्यात म्हणतात, गार्बेज इन, गार्बेज आउट. इथे ते शब्दशः खरं.

हे मी उगाच शहाणपणानं सांगत नाही. आजीच्या वर्षश्राद्धाला घरी साठ पानं झाली. संध्याकाळी खीर, वडे, प्लास्टिकचं अस्तर असलेल्या वाट्या, पाण्याचे पेले, सगळं मी दोन काळ्या पिशव्यांत कोंबलं. सकाळी गाडीवरची ताई म्हणाली, "भैया, ये नहीं चलेगा." मी म्हटलं, आज घेऊन जा ना. ती थांबली, पण पिशवीला हात लावला नाही. मग बाबा पायरीवर बसले, सत्तरी ओलांडलेले, आणि एकेक वाटी वेगळी काढू लागले. मला दहाची मीटिंग होती. ती चुकली.

प्लँटमध्ये बाहेर काढलेल्या निरुपयोगी मालाचा ढीग होता. त्यात तसल्याच वाट्या दिसल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, बोलले काही नाहीत.

एक गोष्ट मात्र खटकते. ताटात टाकलेल्या अन्नाचा गॅस होतो म्हणून आपण निर्धास्त होतो की काय? त्या पुलावाच्या तांदळाला पाणी लागलं, वीज लागली, आणि इंदूरला प्यायचं पाणीसुद्धा सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून नर्मदा उचलून आणावं लागतं. प्लँट त्यातला थोडासाच भाग परत देतो. पाहुणे बघून खूश होतात, फोटो काढतात. लग्नातली पानं मात्र तशीच वाढलेली राहतात.

परतताना तीन इमली चौकात सिग्नलला शेजारी सीएनजी बस येऊन उभी राहिली. बाबा तिच्याकडे बघत म्हणाले, "आईची खीर असेल हो हिच्यात."