डाख देण्याचें यंत्र

संस्कृत शिकविण्यांत हयात घालविलेल्या मास्तरानें सोल्डरिंगच्या यंत्राविषयीं लिहावें, हा कांहीं वाचकांस अव्यापारेषु व्यापार वाटेल. परंतु घरांत एक शिकणारें माणूस असलें म्हणजे त्याच्या विद्येचीं साधनें पारखून घेण्याचें काम वडील माणसाकडे आपोआप येतें. मग तें साधन अमरकोश असो कीं विजेची पेटी असो.

आमचे कनिष्ठ बंधु निवर्तल्यापासून भावजय व पुतणी आमच्याकडेच, महालांतील जुन्या वाड्यांत राहतात. पुतणी येथील शासकीय तंत्रनिकेतनांत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षांत शिकते. ही संस्था १९१४ सालापासून चालत आलेली. आमच्या परिचयांतील कितीएक कुटुंबांचा संसार तिच्या जोरावर उभा राहिला. सुटींत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बिघडलेले एलईडी दिवे, चार्जर व रेडिओ दुरुस्त करून पुढील वर्षाचें शुल्क आपलें आपण उभें करावें, असा मुलीचा निश्चय. लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन तिनें तीन हजार रुपये शिलकीस टाकले होते. तेवढ्यांतच सोल्डरिंग स्टेशन, डाखेची तार आणि किरकोळ साहित्य बसवावयाचें होतें. आम्ही पदरची भर घालूं लागलों तेव्हां तिनें स्वच्छ सांगितलें, "काका, पैसे नकोत. तुम्ही फक्त दुकानांत बरोबर या." तीन हजार रुपये ही कांहींना एका संध्याकाळची चैन असेल, येथें ती वर्षाची कमाई होती, आणि वस्तु खोटी निघाली असती तर सुटीहि गेली असती व शुल्कहि.

डाख ही वस्तु आपल्याकडे नवी नव्हे. तांबट, कासार, सोनार पिढ्यान्‌पिढ्या डाख देत आले. कल्हईवाला तापल्या भांड्यावर नवसागराची चिमूट टाकून कथील फिरवी, तीहि त्याच कुळांतली विद्या. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतें, शिसें ३२७ अंशांना. परंतु ६३ भाग कथील व ३७ भाग शिसें एकत्र केलें म्हणजे तें मिश्रण दोघांच्याहि खालीं, १८३ अंशांवरच पातळ होतें. दोन तापट माणसें एकत्र नांदूं लागल्यावर दोघेंहि निवावीं, असा हा प्रकार. संसारांत तो क्वचितच आढळतो. विजेच्या कामांत नवसागराच्या जागीं चिडाच्या झाडाची राळ वापरतात, कारण नवसागराचा अंश मागें राहिला तर तो बारीक तारा खाऊन टाकतो. ही राळ डाखेच्या पोकळ तारेंत भरूनच येते.

आतां प्रश्न असा कीं, दोन-अडीचशें रुपयांचें साधें आयर्न बाजारांत मिळत असतां स्टेशन कशास हवें? साधें आयर्न प्लगांत घातलें कीं तापत राहतें. कोठें थांबावें हें त्यास कळत नाहीं. शिवाय त्याची उष्णता विजेच्या दाबाच्या वर्गाप्रमाणें कमीजास्त होते. २३० व्होल्टच्या जागीं २०० आले तर शक्ति जवळ जवळ पाव हिश्श्यानें घटते. मे महिन्यांत आमच्या गल्लींतील सर्व कूलर एकदम सुरू झाले म्हणजे दाब उतरतो व डाख नीट वितळत नाहीं. रात्रीं दाब चढला कीं तेंच टोंक भलतें तापून काळें पडतें. स्टेशनच्या पेटींत ट्रान्सफॉर्मर असतो. तो २३० व्होल्टचे २४ करतो. टोकाजवळ उष्णता ओळखणारा संवेदक बसविलेला असतो. टोंक निवालें कीं पेटी वीज सोडते, नेमल्या अंशावर आलें कीं आवरतें घेते. बारीक भागांना जपून तापविण्यासाठीं हा आवर फार मोलाचा आहे.

या आवराची एक युक्ति आम्हांला इतकी आवडली कीं ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. चुंबकाकडे ओढला जाणारा धातु एका ठराविक उष्णतेवर तो गुण टाकून देतो. लोखंडाच्या बाबतींत ही मर्यादा सुमारें ७७० अंशांची. पिएर क्यूरी या फ्रेंच पंडितानें १८९५ च्या आपल्या प्रबंधांत याचा अभ्यास मांडला. वेलर या मूळच्या अमेरिकन कंपनीच्या जुन्या स्टेशनांत टोकाच्या बुडाशीं अशाच मिश्रधातूची टिकली असते. टोंक तापलें कीं टिकली चुंबकाला सोडते, चुंबक मागें सरतो व वीज तुटते. निवलें कीं पुन्हां जुळते. टोकावर ७ चा आंकडा असला कीं ७०० अंश फॅरनहीट, म्हणजे सुमारें ३७० अंश सेल्सिअस समजावे. ना आंकडे दाखविणारी पाटी, ना फिरविण्याची कळ.

बाजारांत मात्र पाटीवरील आंकड्यांचीच प्रतिष्ठा फार. सीताबर्डीवर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें दुकान आहे. त्यानें तीन पेट्या पुढें मांडल्या व म्हणाला, "गुरुजी, ही ४८० अंशांपर्यंत जाते." पुतणीनें विचारलें, "पण जाऊन तिथें करायचें काय?" प्रश्न मार्मिक होता. शिसेंमिश्रित डाखेला ३२० ते ३५० अंश पुरतात. त्यापुढें राळ करपते, पाटीवरचें तांबें सुटून येतें आणि टोकाचें आयुष्य घटतें. शिसें नसलेली डाख, जिचा प्रघात युरोपांत २००६ च्या निर्बंधानंतर पडला, ती सुमारें २१७ अंशांवर वितळूं लागते. तिला थोडी अधिक आंच लागते इतकेंच.

खरी परीक्षा किती तापतें याची नव्हे, तर निवल्यावर किती लवकर सांवरतें याची. स्वयंपाकघरांत हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. पातळ पत्र्याचा तवा लवकर तापतो, पण पहिली भाकरी टाकतांच थंड पडतो व दुसरी कच्ची राहते. जाड बुडाचा तवा ओळीनें दहा भाजतो. पुतणीनें घरून एका जुन्या टीव्हीची पाटी आणली होती. तिच्यावरील तांब्याच्या जाड पट्ट्यावर तिनें लागोपाठ पांच डाखा दिल्या. एका पेटीची पाटी ३५० चाच आंकडा दाखवीत राहिली, पण तिसऱ्या डाखेला टोंक चिकटूं लागलें. दुसऱ्या दोन्ही पेट्या पांचव्या डाखेपर्यंत टिकल्या.

पुढें तिनें पिशवींतून मीटर काढला. स्टेशनच्या प्लगाची तिसरी, जाड पिन आणि आयर्नचें टोंक यांमधील रोध दोन ओहमच्या आंत असावा, म्हणजे टोंक भूमीशीं जोडलेलें आहे असें समजावें. एका पेटींत हा रोध अर्धा ओहम निघाला. दुसरींत मीटर मुळींच हलला नाहीं. दांडीपर्यंत आलेली भूमीची तार आंत कोठें जोडलेलीच नव्हती. पेटीवर छाप मात्र झोकदार होता. दुकानदार आमचा विद्यार्थी असल्यामुळें शरमला व ती पेटी त्यानें बाजूला ठेविली. ज्यांना असा विद्यार्थी नाहीं त्यांनीं मीटर अवश्य न्यावा.

ओसाकाच्या हाको कंपनीची अस्सल पेटी उत्तम, यांत शंका नाहीं. पण तिची किंमत दहा हजारांच्या पुढें जाते. तिच्या ९३६ या नमुन्याची निर्मिति मूळ कारखान्यानें केव्हांच थांबविली, तरी त्याच्या नकला देशोदेशीं इतक्या झाल्या आहेत कीं '९३६' हें आतां जातीचें नांव झालें आहे. नकलेचें आम्हांला कौतुक नाहीं. तथापि या जातीचा एक गुण गरिबाच्या उपयोगाचा आहे: तिचीं टोकें कोणत्याहि दुकानांत अल्प किंमतींत मिळतात व एकाचीं दुसऱ्याला बसतात. अलीकडे टोंक, तापक व संवेदक एकाच कांडींत असलेल्या पेट्या निघाल्या आहेत. त्या कांहीं सेकंदांत तापतात व काम सुरेख करतात. मात्र टोंक झिजलें कीं सगळी कांडीच बदलावी लागते. मोबाइलच्या चार्जरवर चालणारें पेनाएवढें आयर्नहि पाहिलें. प्रवासाला तें छान. पण चार्जर दोन पिनांचा असला म्हणजे भूमीचा प्रश्न तसाच राहतो. शेवटीं अर्धा ओहमवाली ९३६ जातीची पेटी एकवीसशें रुपयांस ठरली. सोबत डाखेची तार, पितळी काथ्या आणि दोन जादा टोकें घेतलीं. पेटीबरोबर येणारें सुईसारखें टोंक दिसावयास नाजूक, पण उष्णता पोंचविण्यास निकामी. पटाशीच्या आकाराचें २.४ मिलिमीटर रुंदीचें टोंक बहुतेक सर्व कामांना पुरतें. तें कानशीनें कधींहि घासूं नये. जुनीं टोकें नुसत्या तांब्याचीं असत, म्हणून कानस चाले. आतांच्या टोकांवर लोखंडाचा पातळ मुलामा असतो, तो गेला कीं डाख आंतलें तांबें खाऊन टाकते. काम आटोपल्यावर टोकावर डाखेचा थेंब ठेवूनच पेटी बंद करावी.

घरीं आल्यावर निराळीच गोष्ट उघडकीस आली. मुलीनें भिंतींतील तीन भोकांच्या सॉकेटचें झांकण काढलें, तर तिसऱ्या भोकामागें तारच नाहीं! भोंक शोभेला. अशा जागीं हजारांची पेटी काय नि दहा हजारांची काय, सारखीच. जुन्या वाड्यांतून हा प्रकार विरळा नसावा. परवानाधारक तंत्र्यास बोलावून अंगणांत भूमीचा खड्डा करविला, तार ओढविली व मुख्य फळीवर ३० मिलिॲम्पिअरची गळतीरोधक कळ बसविली. तो खर्च वाड्याचा म्हणून आमचा, यावर मुलीला वाद घालतां आला नाहीं. आतां उन्हाळ्यांत त्या खड्ड्यांत तांब्याभर पाणी ओतण्याचें काम तुळशीच्या पाण्याबरोबर आमच्याकडे आलें आहे. माती कोरडी पडली कीं भूमीची जोडणी दुबळी होते.

शिशाविषयीं भावजयीला धास्ती होती. ३५० अंशांवर शिशाची वाफ होत नाहीं म्हटलें तरी चालेल. धूर निघतो तो राळेचा, व तो छातींत गेल्यास दम्याचा विकार जडूं शकतो. खिडकीशीं बसून लहानसा पंखा धूर बाहेर ओढील असा ठेवावा. शिसें पोटांत जातें तें बोटांवरून. म्हणून डाखेचें काम झाल्यावर हात साबणानें धुतल्याखेरीज पाण्याच्या माठाला शिवावयाचें नाहीं, असा नियम घरांत झाला. सोवळ्याचे पुष्कळ नियम आमच्याकडे सैल झाले. हा एक नवा मात्र कडक पाळला जातो, आणि धाकटीं मुलें त्या टेबलाजवळ फिरकत नाहींत.

एलईडी दिव्यांच्या आंतील पाटी ॲल्युमिनिअमची असते व ती उष्णता गटागटा पिते; तेथें त्या पटाशी टोकाचा व सांवरणाऱ्या पेटीचा उपयोग कळला. पहिल्या पंधरवड्यांत अकरा दिवे आले, त्यांतले आठ लागले. दिव्यामागें ती तीस रुपये घेते. वाड्यांतल्या बिऱ्हाडांकडून वीस.