कापूस झाल्यावर

आमच्या पिकअपची नंबरप्लेट एपी 01 ची, म्हणजे आदिलाबाद आंध्रात होता तेव्हाची. 2014 ला तेलंगण झालं, 2016 ला जिल्ह्याचे चार तुकडे पडले, नव्या गाड्यांवर टीएस आलं, आता टीजी येतं. आमची प्लेट जशीच्या तशी. माणसांचंही तसंच झालं. 1956 साली किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात गेले, आम्ही जैनथकडचे पैनगंगेच्या अलीकडेच राहिलो. घरात मराठी, शाळेत तेलुगू आणि गाडी बिघडली की दखनी, कारण मेकॅनिक मंडळींची भाषा तीच.

2009 च्या एप्रिलात निर्मलहून मक्याची पोती भरून येत होतो. तेव्हाचा सात नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, आताचा 44. महबूब घाट चढताना काटा अर्ध्यावरून उठला तो थेट लाल पट्टीत. बॉनेटच्या फटीतून वाफ आणि केबिनमध्ये गोडसर, उग्र वास. महिन्यातली ही तिसरी खेप. गाडी बाबांनी जुनी घेतलेली, तिचे हप्ते माझ्या गळ्यात. त्याआधी एका मोठ्या गॅरेजात दाखवली होती. त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला: हेड पॅकिंग गेलंय, हेड उतरवा, बहुतेक इंजिनच बांधावं लागेल. जाता जाता त्यांनी थर्मोस्टॅट काढून माझ्या हातात ठेवलं, ‘आपल्या हवेत हे कशाला लागतं’ म्हणून. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मी गाडी विकायचीच भाषा करू लागलो होतो. सालाचा कापूस कधीच विकून संपला होता.

मार्केट यार्डाच्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये रेडिएटरवाले चाचा बसत. घाटातून थांबत, पाणी पाजत, धापा टाकत गाडी त्यांच्या दारात आणली आणि घाईघाईने रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. चाचांनी मनगटच धरलं.

“नक्को, पटेल. मुँह जल जाएगा.”

बघायलाही तयार नव्हते. म्हणाले, “गरम गाडी झूठ बोलती. रात यहींच छोडो, सुबू देखते.” मला तो टाळण्याचा प्रकार वाटला. खरं तर तिथंच अर्धं निदान होतं. गरम इंजिनात पाणी दाबाखाली असतं, उसळतं, कुठूनही फसफसतं. त्यातून काय गळतंय आणि काय नुसतं उकळतंय ते कळत नाही. वर आपण घाबरून थंड पाणी ओततो, तापलेल्या हेडला तडा जातो आणि नसलेला रोग खरा होतो.

सकाळी त्यांनी झाकण उघडून गाडी चालू केली आणि रेडिएटरच्या तोंडात नुसतं पाहत बसले. हेड पॅकिंग गेलं असेल तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो, बुडबुडे थांबत नाहीत. सुरुवातीचे दोनचार येऊन गेले, मग पाणी शांत. ऑइलची काडी काढून बोटांत चोळली: काळं, पण दुधाळ नाही. वॉटर पंपाखालच्या बारक्या भोकाशी बोट लावलं, कोरडं. पंख्याचा पट्टा दाबून पाहिला. “हेड में कुछ नै,” म्हणाले. त्या चार शब्दांनी माझं निम्मं ओझं उतरलं, पण मी ते त्यांना सांगितलं नाही.

मग त्यांनी जे केलं ते मी आजही करतो. गाडी तापू दिली, बंद केली, ओंजळीने रेडिएटरच्या जाळीवर पाणी मारलं आणि बिडी पेटवली. वरचा भाग बघता बघता सुकला. खाली, डाव्या कोपऱ्यात, तळहाताएवढी दोन ठिगळं ओलीच राहिली. त्यांनी हाताची उलटी बाजू तिथं धरली, मग माझा हात ओढून धरला. वर चटका, इथं कोमट. म्हणजे तिथल्या नळ्यांतून गरम पाणी फिरतच नव्हतं. सपाट रस्त्यावर उरलेल्या नळ्या कसंबसं निभावून नेत. भरल्या गाडीने घाट चढताना, वर 43 डिग्री ऊन, त्यांचा जीव पुरत नसे.

रेडिएटर उतरवल्यावर समोरच्या जाळीवरून त्यांनी एक करडा थर सोलून काढला. अगदी गोधडीचा तुकडा. कापूस! यार्डात आमच्या गाड्या मापाच्या रांगेत तासन्‌तास उभ्या असतात, पुढच्या गाडीची रुई उडून मागच्या गाडीच्या तोंडात जाते. तिच्यावर धूळ, ऑइल, वाळला पाचोळा, एक सरकीसुद्धा होती. ती जाळी त्यांनी आतून बाहेर धुतली. समोरून पाण्याचा मारा केला असता तर रुई आणखी आत ठासली असती.

मग वरच्या टाकीचा डाग सोडवला, आणि नळ्यांची तोंडं दिसली. पांढरी. नखाने खरवडलं तर चुन्यासारखी पूड. वर्षानुवर्षं मी बोअरचं पाणी घालत आलो होतो. आमच्या जमिनीखाली पैनगंगेची चुनखडी. सिमेंटचा कारखाना त्याच दगडाच्या जिवावर उभा राहिला. आदिलाबादची दोन वैभवं म्हणजे कापूस आणि चुना. एक माझ्या रेडिएटरच्या बाहेर जमलं होतं, दुसरं आत.

चाचांनी एकेका नळीत चपटी सळई घालून रॉड मारला. दुपार गेली. सोबत झाकण पाहिलं, त्यातलं रबर खडखडीत कडक. झाकणावर 0.9 उमटलेलं. तेवढा दाब धरला तर पाणी शंभरच्या वर वीसेक अंशांपर्यंत उकळत नाही. दाब सुटला की शंभरालाच उकळी. सगळ्या दुरुस्तीत सर्वांत स्वस्त वस्तू तीच निघाली. माझ्या खिशातलं थर्मोस्टॅट काढून घेऊन तपेलीत उकळत ठेवलं, त्याचं तोंड उघडलेलं मला दाखवलं आणि परत बसवलं. आदिलाबादच्या हिवाळ्यातल्या पहाटे ते नसलं तर डिझेल इंजिन लवकर गरमच होत नाही, धूर ओकतं आणि डिझेल पितं.

कूलंटवर मात्र मी वाद घातला. मी म्हटलं, पाणी घालतो तेच बरं, इथं कुठं बर्फ पडतो? आणि कूलंट तर मी घातलंच होतं की: एकदा हिरवं, पुढे पंपावर मिळालं ते गुलाबी, वर पाणी. खाली काढलेल्या डब्यात ते मिश्रण चिखलासारखं तपकिरी, त्यात लिबलिबीत गोळे. चाचा म्हणाले, “रंग तो स्याही है, पटेल. अंदर क्या है वो देखो.” दोन वेगळ्या जातींची औषधं एकमेकांत मिसळली की गंज रोखणारी द्रव्यं एकमेकांनाच मारतात. रंगावरून जात ठरत नाही, कंपनीगणिक बदलते; डबा वाचावा लागतो. त्यात माझी आणखी एक चूक: गुलाबी डब्यावर ‘तयार, पाणी घालू नये’ लिहिलेलं आणि मी वर घागरभर पाणी ओतलेलं.

आमचा रेडिएटर जुना, पितळी, शिशाच्या डागांचा. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा. त्याला जुन्या पद्धतीचं, सिलिकेट असलेलं हिरवंच घाला असं त्यांनी ठरवलं. नव्या जातीची, पाच-पाच वर्षं चालणारी औषधं ॲल्युमिनियमच्या रेडिएटरसाठी. डागांच्या बाबतीत चाचांना त्या औषधांचा भरवसा नव्हता. हिरवं दर दोन वर्षांनी बदलायचं. घट्ट कूलंटचा डबा घ्यायचा आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी. मी विचारलं, नुसतं कूलंटच भरलं तर? हसले. पाण्याइतकी उष्णता ते वाहून नेत नाही. कूलंट जास्त झालं तर गाडी उलट तापते. आधा-आधा. किती मावतं ते त्यांनी बादलीने मोजून पाहिलं आणि मगच ओतलं.

काढलेलं जुनं पाणी मी गटाराकडे न्यायला निघालो, तर ओरडले. शेडच्या मागे बकऱ्या बांधलेल्या. “मीठा रहता. पीती, मर जाती.” त्यांनी डबा बूच लावून फळीवर वर ठेवला. तिथं तसले आणखी चार डबे होते.

पैसे विचारले तर म्हणाले, कपास के बाद. एका लांबट वहीत उर्दूत काहीतरी खरडलं. कापूस निघाला तेव्हा मी गेलो. ते किनवटला लेकीकडे गेलेले. पुढच्या खेपेला म्हणाले, वही घरी आहे. त्यानंतर माझीच चालढकल. खोटं कशाला बोलू, तेव्हा पैसे नव्हतेही आणि असते तरी मी दुसरीकडे दिले असते.

2012 ला चाचा गेले. मुलाने शेड बंद करून मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं. नव्या गाड्यांत प्लॅस्टिकच्या टाक्या, ॲल्युमिनियमच्या जाळ्या. फुटलं की बदल, डाग कोण देतो? एक दिवस तो वही घेऊन घरी आला. बाकी वसूल करत फिरत होता, पण वही त्याला वाचता येत नव्हती. उर्दू आमच्या घरात फक्त आजोबांना येई. निजामाच्या काळात त्यांची शाळा उर्दूतच झालेली. पोलिस ॲक्शनच्या आधीची ती पिढी मराठीत बोले आणि हिशोब उर्दूत मांडी.

आजोबांनी खाटेवर बसून चष्मा लावला आणि एकेक पान वाचून मुलाला नावं-आकडे सांगत गेले. मुलगा मोबाइलवर टिपून घेई. आमच्या पानाशी ते थांबले. ओठ हलले, आवाज नाही.

“काय लिहिलंय?” मी विचारलं.

“एपी 01, तुझा नंबर. मग ‘हरा. आधा-आधा.’ मग ‘झाकण नवं’. तारीख. ‘दो साल बाद बदलना.’ आणि ‘कपास के बाद’.”

“रक्कम?”

आजोबांनी पान उलटून पाहिलं, परत पुढे आणलं. “रक्कम नाही लिहिलेली.”

मी आत जाऊन पैसे आणले, अंदाजानेच. मुलाने हात मागे घेतला. “अब्बा ने नै लिखा, तो मैं क्या बोल के लूँ?” वही बगलेत मारून तो उठला. जाताना अंगणातल्या गाडीकडे पाहून त्याने विचारलं, मधे बदललं का? मोजलं तर तीन वर्षं झाली होती. एक वर्ष वर.