डोलकाठी आडवी का करतात?

देगलूर, कोजागिरीनंतर

चि. मन्या,


टोरांटोच्या धक्क्यावरचा तुझा फोटो घरातल्या सगळ्यांनी पाहिला. क्रेनला लटकलेली शिडाच्या नौकेची डोलकाठी, आणि खाली तुझा प्रश्न : धडधाकट काठी उपटून आडवी कशाला करतात? देगलूरचं समुद्राशी नातं म्हणजे लेंडीचं पाणी मांजरेमार्गे गोदावरीला मिळतं तेवढंच. तरी या गोष्टीत आपली मराठी माणसं बरीच आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

त्यातले पहिले समुद्रापासून दूरच राहायचे. निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचं घर फलटण तालुक्यातल्या विंचुर्णी गावात होतं. एखाद्या भारतीयानं शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी आणि नौकाही इथंच बांधलेली असावी, हा त्यांचा ध्यास. नौदलातले दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरिअस शिपयार्डात 56 फुटांची ‘म्हादेई’ तयार झाली. ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून निघालेले दोंदे चार बंदरांत मुक्काम करून मे 2010 मध्ये परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. ‘म्हादेई’ची बहीण ‘तारिणी’ 2017 मध्ये नौदलात आली.

या नौकांची डोलकाठी सुमारे 25 मीटर उंच, म्हणजे आठ मजली इमारतीएवढी.

एवढी काठी उभी राहते ती तारांच्या जोरावर. आपल्या पत्र्यावर टीव्हीचा अँटेना चारी बाजूंनी तारा ताणून बांधायचे ना, तीच युक्ती. एक तार सुटली की उरलेल्या तारा काठीला आपल्याकडे ओढतात आणि काठी कोसळते. या तारा स्टेनलेस स्टीलच्या असल्या तरी समुद्राचं खारं पाणी त्यांच्या टोकांच्या बंद जोडात शिरतं आणि आतून कुरतडत राहतं. वरून सगळं चकचकीत. अल्युमिनियमची काठी आणि तिच्यात बसवलेले स्टीलचे स्क्रू यांच्यामध्ये खारट ओल साचली, की अल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजतं. शेंड्याजवळची चीर डेकवरून दिसायची नाही. म्हणून काठी खाली घेऊन, घोड्यांवर आडवी ठेवून, हात फिरवत तपासतात. परदेशातल्या कित्येक विमा कंपन्या दहाएक वर्षांनी तारा बदलायलाच लावतात.

तुमच्या ओंटारिओ सरोवरात मीठ नाही, पण हिवाळा आहे. जोडात राहिलेलं पाणी गोठून फुगलं की धातूला तडा जातो. शिवाय नौका बाहेर काढून टेकूंवर ठेवल्यावर उभी काठी वारा धरते आणि सगळं हलवते.

काठी खाली घेतलीच आहे तर उपकरणंही तेव्हाच बदलून होतात. वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्या, दिशा दाखवणारं पातं, दिवा, रेडिओचा अँटेना, सगळं शेंड्यावर. उंचीला कारण आहे : 25 मीटरवरच्या अँटेनाचं रेडिओ-क्षितिज 20 किलोमीटरच्या आसपास असतं, डेकवर दोन मीटरवर लावलेल्याचं जेमतेम सहा. केबल काठीच्या पोकळीतून जाते. जुन्या केबलला दोरी बांधून ती बाहेर ओढायची, मग त्याच दोरीनं नवी आत घ्यायची. जुन्या दिव्याच्या जागी एलईडी आला की बॅटरीचा खर्चही कमी.

उतरवायचा क्रम ठरलेला. शिडं काढायची, शिडाच्या तळाशी असलेली आडवी काठी सोडवायची, डोलकाठीच्या बुडाशी केबलचे जोड सोडवायचे. तारा ताणणाऱ्या टर्नबकलचे किती आटे दिसतात ते मोजून लिहून ठेवायचं, म्हणजे परत बसवताना अंदाज राहतो. क्रेनचा पट्टा समतोलबिंदूच्या वर बांधायचा, नाहीतर काठी हवेतच उलटी होते. पट्ट्यावर भार आल्यावरच तारांच्या पिना काढायच्या. वारा असेल तर काम दुसऱ्या दिवशी.

समुद्रात मात्र अशी उसंत मिळत नाही. 1968-69 मध्ये ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी न थांबता एकट्यानं प्रदक्षिणा केली, ती मुंबईत सागवानातून बांधलेल्या ‘सुहैली’तून. त्याच घडणीची ‘तुरिया’ दांडेकरांच्या कारखान्यात बांधून नौदलातलेच अभिलाष टॉमी 2018 च्या गोल्डन ग्लोब या एकट्यानं करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरले. 21 सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ‘तुरिया’ उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीला जबर मार बसला. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानं त्यांना वाचवलं. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिन यांच्याही डोलकाठ्या गेल्या. एवढ्या लाटेपुढे डागडुजी पुरत नाही. पण साध्या वाऱ्यात झिजलेल्या पिनेमुळं काठी गमवायची नसेल, तर ती अशी धक्क्यावर आडवी करावीच लागते. टॉमी 2022 च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि दुसरे आले.

आता एक काम तुझ्याकडे. काठी परत उभी करताना बुडाखाली नाणं ठेवायची खलाशांची चाल फार जुनी. लंडनमध्ये ब्लॅकफ्रायर्सला 1962 मध्ये रोमन नौका सापडली, तिच्या डोलकाठीच्या खाचेत डोमिशियन बादशहाचं नाणं होतं. वसंतात क्रेन परत येईल तेव्हा त्या धक्क्यावर कुणी नाणं ठेवतं का बघ, आणि कोणत्या देशाचं ते कळव.

तुझा,
मामा